मदत हवी आहे: बीबीसी मायक्रो आणि वर्डवाइज, छापताना ठरावीक अक्षरंच बदलतात

नमस्कार मंडळी. म्हापशाला आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी लिहिलेल्या तियात्रांच्या (कोंकणी नाटकांच्या) संहिता रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकावर, वर्डवाइज या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेल्या आहेत. मशीन सुरू होतं, सव्वापाच इंची फ्लॉप्या वाचतं, पडद्यावर मजकूर स्वच्छ दिसतो. एप्सन एलएक्स-८०० प्रिंटरवर छापायला घेतलं की गडबड. मास्तरांना त्या संहिता तालमीला बसणाऱ्या मुलांच्या हातात द्यायच्या आहेत आणि हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ सरसकट नाही. जीचा ई होतो, ओचा एम, एनचा एल, आरचा पी, एसचा क्यू. ए, डी, ई, एम, पी, टी शाबूत. रोमीत 'जीओए' टाइप केलं तर कागदावर 'ईएमए'. आकड्यांत २, ३, ६, ७ यांच्या जागी ०, १, ४, ५ येतात. ८ आणि ९ ठीक. शिवाय मथळा ठळक होत नाही, उलट त्याच्याआधी एक आगंतुक ई छापला जातो.

अक्षरांचे अॅस्की कोड, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षरासाठी वापरतो ते आकडे, शेजारी शेजारी मांडले. जी ७१, ई ६९. ओ ७९, एम ७७. जिथे बिघडतं तिथे बरोबर २ कमी! कोडचे आठ बिट प्रिंटरकडे आठ वेगळ्या डेटा लाइनींवरून (डी० ते डी७) जातात, आणि २ किमतीचा बिट डी१ वर असतो. म्हणजे आठांपैकी दुसरी लाइन, डी१, कायम शून्यावर अडकली आहे. मथळ्याचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्याआधी ओसी२७,६९ अशी आज्ञा आहे, म्हणजे प्रिंटरला २७ (एस्केप, 'पुढे आज्ञा आहे' ही खूण) आणि ६९ हे कोड पाठवून ठळक छपाई सुरू करायची. २७ चे २५ झाले की प्रिंटरला एस्केप मिळतच नाही, मग मागून आलेला ६९ तो साधा ई म्हणून छापतो.

वर्डवाइजचा दोष नाही. मशीनच्या बेसिक भाषेतून व्हीडीयू २ (प्रिंटर चालू करायची आज्ञा) देऊन ओळ पाठवली तरी तेच. प्रिंटरची सेल्फ टेस्ट उत्तम येते, पण ती त्याच्याच रॉममधून छापली जाते, तेव्हा तिच्यावर फार विसंबता येत नाही. लाइन फीड आणि फॉर्म फीड दोन्ही दाबून धरून प्रिंटर चालू केला, तर हेक्स डंपमध्ये (मिळालेले कोड प्रिंटर सोळाच्या पटीतल्या आकड्यांत छापतो त्यात) १बीच्या, म्हणजे २७ च्या, जागी १९, म्हणजे २५, दिसतं.

आता माझा तर्क. वायर नुसती तुटली असती तर प्रिंटरच्या बाजूला ती लाइन बहुधा १ वाचली गेली असती. इथे ० येतंय, म्हणजे ती ग्राउंडला टेकली असावी. बीबीसीच्या २६ पिनी कनेक्टरवर डी१ पाचव्या पिनवर आहे आणि ४ व ६ दोन्ही ग्राउंड. रिबन केबलमध्ये त्या अगदी लगटून जातात. कनेक्टरवर हिरवट गंजही दिसतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चढतोच. पण मशीनमधला, प्रिंटर पोर्टकडे सिग्नल पुढे पाठवणारा ७४एलएस२४४ बफर (चिप) गेला असेल तरी हेच लक्षण दिसेल.

तर विचारायचं असं: केबल काढून, बेसिकमधून प्रिंटर पोर्टवर थेट २ लिहून पाचव्या पिनवर मल्टिमीटर लावला आणि साडेतीन व्होल्टच्या आसपास दिसले, तर मशीन निर्दोष धरायचं का? की बफरच्या मागची, पोर्ट चालवणारी ६५२२ चिपही वेगळी तपासावी लागेल? आणि २६ पिनी आयडीसी (मशीनकडचा रिबन केबलचा कनेक्टर) ते ३६ पिनी सेंट्रॉनिक्स (प्रिंटरकडचा कनेक्टर) अशी केबल म्हापसा, पणजी किंवा मडगावात कुणी क्रिंप करून, म्हणजे कनेक्टर दाबून बसवून, देतं का? कुणाकडे जुनी पडून असेल तर दोन दिवसांसाठी द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.