मदत हवी आहे : म्युनिकमध्ये चौथीनंतर काय?

नमस्कार मंडळी. आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे आलो, लेक चौथीत आहे. जर्मनीत १९२० च्या कायद्यापासून सगळी मुलं चार वर्षं एकत्र शिकतात आणि दहाव्या वर्षीच वाटा फुटतात! (बर्लिनवाले निदान सहावीपर्यंत थांबतात.) बव्हेरियात (म्युनिकच्या राज्यात) गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, सरासरी २.३३ लागते, १ म्हणजे सर्वोत्तम. हिची सध्या २.६६ : जर्मन ३, गणित २, परिसर ३. निबंधात नामांचं पहिलं अक्षर मोठं काढायला विसरते. देवनागरीत ती भानगडच नाही ना! घरी जर्मन बोलणारे आईबाप असते तर... असो.

सरासरी कमी पडली तर प्रवेशासाठी द्यायची प्रोबेउंटररिश्ट (चाचणी-वर्ग) कुणाच्या मुलांनी दिलीय का? तयारी कशी करून घेतलीत? की सरळ रेआलशुलेत (दहावीपर्यंतची मधल्या स्तराची शाळा) घालून पुढे फाखओबरशुलेमार्गे (त्यानंतरची व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळा) उच्च शिक्षणाकडे जावं? मेच्या सुरुवातीला पुढच्या शाळेसाठीचा गुणांचा दाखला हातात पडेल, त्याआधी सांगा प्लीज.