दोन पात्रं, एक गोदाम, आणि 'घडत काहीच नाही' : स्टेप्टो अँड सन पाहिलेल्यांनी सांगा

उद्यमनगरचा पोरगा

राम राम मंडळी. एकांकिका लिहितोय. बाप आणि लेक, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं भंगाराचं गोदाम, बस्स. गोदाम आमचंच आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड एकीकडं, पत्रा एकीकडं, जळालेल्या विजेच्या मोटारी फोडून तांबं वेगळं, हे मी शाळेत असल्यापासून करतोय. त्यामुळं ही माणसं कशी बोलतात ते मला शोधावं लागत नाही.

बावीस पानं झाली. परवा ग्रुपात वाचन केलं. दिग्दर्शक म्हणाला, "बोलणं झकास आहे, पण घडत काहीच नाही. शेवटी बाप मरतो का?" बापाला मारायचं नाही मला. पण मग काय करायचं, याचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं.

एका मित्रानं बीबीसीची जुनी मालिका बघायला लावली, 'स्टेप्टो अँड सन'. लंडनच्या शेफर्ड्स बुशमधले भंगारवाले बाप-लेक, घोडागाडी, घरभर अडगळ. पहिला भाग बघताना अंगावर काटा आला. लिहिणारेही दोघं होते, रे गॉल्टन आणि ॲलन सिम्पसन. दोघं मिळून एक वाक्य कसं लिहितात? आणि कुणालाही न मारता त्यांनी हे इतकी वर्षं कसं चालवलं?

विंगेतला

भावा, बापाला मारू नकोस. राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं मी केशवराव भोसले नाट्यगृहात वर्षानुवर्षं बघितली आहेत. शेवटी मरण आलं की टाळी पडते, म्हणून आपण ते आणतो. गोष्टीला ते हवं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

गॉल्टन-सिम्पसन १९४८ साली भेटले ते सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये. अठरा-एकोणीसची पोरं. तेव्हा क्षय म्हणजे महिनोन्‌महिने खाटेवर. तिथल्या रुग्णांच्या रेडिओसाठी त्यांनी पहिल्यांदा एकत्र लिहिलं. दार समोर दिसतंय आणि बाहेर पडता येत नाही, हे त्यांना तिथं कळलं असणार असं मला कायम वाटत आलंय.

कामाची पद्धत साधी. टाइपरायटरवर सिम्पसन, गॉल्टन खोलीत येरझाऱ्या घालणार. वाक्य तोंडानं बोलून बघायचं. दोघांना पटलं तरच कागदावर उतरणार. नाही पटलं तर गप्प बसायचं, मग कितीही वेळ जाऊ दे. तूही तुझी बावीस पानं कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाच, अडखळशील तिथं खूण कर.

१९६१ पर्यंत ते टोनी हॅन्कॉक या विनोदी नटासाठी लिहीत होते. तो त्यांच्यापासून वेगळा झाल्यावर बीबीसीच्या टॉम स्लोन यांनी त्यांना 'कॉमेडी प्लेहाउस' या नावाखाली अर्ध्या तासाचे सुटे भाग दिले, विषय त्यांच्या मर्जीचे. त्यातला एक 'द ऑफर', ५ जानेवारी १९६२ ला दाखवलेला. तू बघितलास तो हाच. विनोदी नट न घेता नाटकातले घेतले. विल्फ्रिड ब्रॅम्बेल बाप, हॅरी कॉर्बेट लेक. खऱ्या वयात अंतर तेरा वर्षांचं!

आता त्याचा शेवट परत बघ, आवाज बंद करून. लेकाला दुसरीकडं काम मिळालंय, निदान तो तसं सांगतो. त्यानं आपलं सामान गाडीवर लादलंय. बाप घोडा द्यायला तयार नाही. मग हा स्वतः गाडीला जुंपून घेतो आणि ओढतो. गाडी जागची हलत नाही. पुन्हा ओढतो, हलत नाही. तो रडायला लागतो, आणि म्हातारा त्याला चहा करतो म्हणत घरात घेऊन जातो. तालमीत कॉर्बेटचं ते खरं रडणं बघून लिहिणारे दोघंही थक्क झाले होते.

तुझ्या दिग्दर्शकाला हे दाखव. गाडी हलली नाही, हीच घटना आहे. कुणी मेलं नाही, कुठलं गुपित फुटलं नाही. एवढ्यावर ती मालिका १९७४ पर्यंत चालली, मध्ये पाच वर्षांचा खंड धरून. १९७२ च्या एका भागात तर लेक घराच्या मधोमध भिंत घालतो आणि टीव्ही दोघांच्यात अर्धा-अर्धा येतो.

तुझ्या नाटकात लेकाला कोण अडवतं, हे मला नको. कुठली वस्तू अडवते ते सांग.

सई, मंगळवार पेठ

दादा, एक विचारते. तुमचा लेक बापाला काय म्हणतो? इंग्रजीतला लेक, हॅरॉल्ड, म्हाताऱ्याला तोंडावर शिव्या घालतो. आपल्याकडं "आप्पा, तुम्ही" म्हणतच भांडावं लागतं. आमच्या घरी भाऊ चिडला की आवाज न चढवता म्हणायचा, "तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही." ताटावर झाकण पडल्याचा आवाज आला की घरात सगळ्यांना कळायचं. तसलं लिहा.

आणि गॉल्टन-सिम्पसनचा हॅन्कॉकसाठीचा १९५८ चा रेडिओ भाग ऐकाच, रविवारची दुपार, कुणाला काही सुचत नाहीये. रेडिओवर शांतता! तुमच्या पानांत विराम किती आहेत?

बिंदू चौक

थोडी भर. ब्रिटनमधल्या १९६४ च्या निवडणुकीच्या दिवशी 'स्टेप्टो' लागलं तर आपले मतदार घरातच बसतील या काळजीनं मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी बीबीसीला ते पुढं ढकलायला सांगितलं होतं, आणि बीबीसीनं ढकललंही.

उद्यमनगरचा पोरगा

विंगेतले काका, रात्री झोप लागली नाही. सई, लेक 'तुम्ही'च म्हणतो, पण मी त्याला फार बोलायला लावलंय. ताटाचं झाकण तुमच्याकडून उसनं घेतो.

वस्तू सापडली. पुण्याला नोकरी लागली तेव्हा मी बॅग घेऊन गोदामातून निघालो होतो. आप्पा पितळ तोलत होते. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, पितळ उतरवून काट्यावर ठेवली, चष्मा वर करून आकडा वाचला. "अठरा किलो. एसटीत चढवताना दमशील." मग त्यातला स्टीलचा डबा आणि दोन जाड पुस्तकं काढून बाजूला ठेवली, परत तोलली. "आता बरोबर."

चार महिन्यांनी मी परत आलो. डबा आणि पुस्तकं काट्याशेजारीच होती, धूळ पुसलेली.

तेविसावं पान काल लिहिलं. त्यात संवाद दोनच आहेत.