मदत हवी आहे: एफवायच्या मुलांना बफर आणि इक्विलिब्रियम सोपं करून कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका सिनियर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, केमिस्ट्री शिकवते. यंदा आयॉनिक इक्विलिब्रियम माझ्या वाट्याला आलंय आणि बफरपाशी, म्हणजे थोडं ॲसिड किंवा बेस घातलं तरी ज्याचा पीएच फारसा हलत नाही त्या द्रावणापाशी, सगळं अडलंय. गणितं येतात हो पोरांना, हेंडरसनच्या इक्वेशनमध्ये (बफरचा पीएच काढायचं सूत्र) आकडे घालून पीएच धडाधड काढून देतात. पण ॲसिड घातलं तरी पीएच का हलत नाही असं विचारलं की अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर, "मॅडम, बफर आहे ना म्हणून." पाऊस का पडतो, तर पावसाळा आहे म्हणून, त्यातली गत!

बहुतेक जण दहावीपर्यंत मराठी मिडियमचे, अकरावीला एकदम इंग्लिश अंगावर आलेलं, त्यात बरेच जण नीटचा स्कोअर आला नाही म्हणून बीएस्सीला आलेत आणि मन अजून रिपीटमध्येच अडकलंय. इक्विलिब्रियम म्हणजे रिॲक्शन थांबली आणि दोन्हीकडचं प्रमाण सारखं झालं, हे दोन चुकीचे समज तर इतके घट्ट बसलेत की एमसीक्यूत बरोबर टिक करतात आणि पाच मिनिटांनी तोंडी विचारलं की उलटं सांगतात.

लॅबमध्ये पीएच मीटर आहे पण त्याचा इलेक्ट्रोड सुकून खडंग झालाय. तास 48 मिनिटांचा, त्यातली दहा हजेरीत. सोपं करायचंय पण चुकीचं सांगायचं नाहीये, नाहीतर एसवायला शिकवणारे मलाच शिव्या घालतील. कोणी असं काही केलंय का जे खरंच चाललं?

– गोकर्णा

*

पीएच मीटरचा नाद सोडा, मिथिल ऑरेंज (ॲसिडमध्ये लाल होणारा इंडिकेटर) आहे ना कपाटात? एका बीकरमध्ये 100 मिली डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात 50 मिली 0.2 मोलर ॲसिटिक ॲसिड आणि 50 मिली 0.2 मोलर सोडियम ॲसिटेट. दोन्हीत सारखे थेंब मिथिल ऑरेंज, दोन्ही पिवळे दिसतील. आता दोन्हीत 2 मिली 0.1 मोलर एचसीएल घाला. पाण्याचं बीकर झटकन लाल, बफर पिवळाच. मग पोरांना विचारा, ॲसिड तर दोन्हीकडे तेवढंच घातलं, गेलं कुठे?

आता फळ्यावर लॉग न लिहिता नुसती मोजणी करा. बफरमध्ये 10 मिलिमोल (50 मिली × 0.2) ॲसिटेट होतं आणि 10 मिलिमोल ॲसिटिक ॲसिड. आपण घातलं 0.2 मिलिमोल. ते ॲसिटेटने उचललं, म्हणून एकीकडे 9.8 आणि दुसरीकडे 10.2. ॲसिटेट भागिले ॲसिड हा भागाकार 1 होता तो 0.96 झाला, बस एवढंच. एवढं झालं की मग इक्वेशन काढा, पीएच 4.76 वरून 4.74. पाण्याचा मात्र 7 वरून थेट 2.7. आणि तिथे थांबू नका, बफरमध्ये ब्युरेटने एचसीएल सोडत राहा. चाळीसेक मिलीनंतर नारिंगी झाक यायला लागते आणि 100 मिलीच्या आसपास ॲसिटेट संपतं तेव्हा बफरही लाल. बफर कॅपॅसिटी, म्हणजे बफर किती ॲसिड झेलू शकतो, ते वेगळं शिकवायची गरजच पडत नाही.

– ब्युरेटवाला

*

एवढं सगळं कशाला करताय ताई? पेपरला डेफिनिशन, डेरिव्हेशन आणि एक गणित येतं. नोट्स द्या, पोरं खूश, रिझल्ट चांगला, प्रिन्सिपल खूश. सीएचबीच्या मानधनात एवढंच बसतं.

– कडू_कारलं

*

@कडू_कारलं, मानधनाचं बोललात ते शंभर टक्के खरं, तेही वेळेवर येत नाही. पण ही पोरं उद्या डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाहीतर फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्ये (क्वालिटी कंट्रोल) जाणार आणि तिथे बफर रोज बनवायचाय.

@ब्युरेटवाला, भारी आहे हे, मोजणी आधी आणि लॉग नंतर हे सुचलंच नव्हतं. सोडियम ॲसिटेटची बाटली बघावी लागेल. पण "दोन्हीकडे सारखं प्रमाण" या समजाचं काय करू? तुमच्या उदाहरणात नेमकं 10 आणि 10 आहे, पोरं म्हणतील बघा, सारखंच असतं!

– गोकर्णा

*

बफरच्या आधीच्या तासाला चिंचोक्यांचा खेळ घ्या. दोन डबे, अ मध्ये 48 चिंचोके, ब रिकामा. दर फेरीला अ मधले निम्मे ब मध्ये आणि त्याच वेळी ब मधले पाव हिस्सा अ मध्ये. अर्धा चिंचोका आला तर जवळचा पूर्ण आकडा धरायचा. एक जण फळ्यावर आकडे लिहितो. 24-24 होतात तेव्हा वर्ग ओरडतो "झालं झालं", पण खेळ चालूच ठेवा. पुढे 18-30, मग 17-31 च्या आसपास आकडे जागचे हलत नाहीत, पण पोरांचे हात तर चालूच असतात! चिंचोके जातायत, येतायत, आकडा तोच. थांबलं काहीच नाही आणि सारखंही नाही, जवळपास दुप्पट आहे. मग दुसऱ्या बेंचला सगळे 48 ब मधून सुरू करायला लावा, तेही जवळपास तिथेच येऊन टेकतात. के (इक्विलिब्रियम कॉन्स्टंट) म्हणजे काय ते न सांगता कळतं.

– निवृत्त_मास्तर

*

मास्तरांचा खेळ मस्तच, फक्त एक पुरवणी जोडा. रेणू पाळी लावून उड्या मारत नाहीत आणि निम्मे-पाव हे प्रमाण टेंपरेचरवर ठरतं, हे बोलून दाखवा, नाहीतर पोरं परीक्षेत चिंचोकेच लिहितात. कोबाल्ट क्लोराइड असेल तर गुलाबी-निळा रंगबदल तुम्हीच करून दाखवा, पोरांच्या हातात देऊ नका, विषारी आहे.

ॲलेक्स जॉन्स्टन नावाच्या ग्लासगोच्या प्राध्यापकाने 1991 मध्ये हेच मांडलं होतं, की केमिस्ट्री तीन मजल्यांवर चालते: डोळ्यांना दिसतं ते, रेणूंच्या पातळीवरचं आणि चिन्हं-सूत्रं. शिक्षक तिन्ही मजल्यांवर लीलया फिरतो, नवशिक्याला एकदम तिन्ही दिले की डोकं भरून जातं. तुमची पोरं तिसऱ्या मजल्यावर थेट लिफ्टने आलीत, एवढंच. फेट नावाची कोलोराडो युनिव्हर्सिटीची सिम्युलेशन्स पण फुकट आहेत, बरीच मराठीतही. ॲसिड-बेसचं आहे त्यात रेणू दिसतात.

– तळ्यात_मळ्यात

*

सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच स्टोअरमध्ये बघून आले, सोडियम ॲसिटेटच्या बाटलीत दगड झालाय, एनएओएच (कॉस्टिक सोडा) आणि ॲसिटिक ॲसिड मात्र भरपूर. आणि डिस्टिलेशन प्लँट बंद आहे, बोअरचं पाणी चालेल का?

– गोकर्णा

*

ॲसिटेट नसलं तरी अडत नाही. 100 मिली 0.2 मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये 50 मिली 0.2 मोलर एनएओएच टाका, निम्मं न्यूट्रलाइज होऊन तोच 10-10 मिलिमोलचा बफर तयार.

बोअरचं पाणी मात्र अजिबात नको! त्यात बायकार्बोनेट असतं, 2 मिली एचसीएल ते गपकन गिळून बसेल आणि पाण्याचं बीकरसुद्धा पिवळंच राहील. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणा, नाहीतर गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी मिळतं, ॲसिड नव्हे, पाणी, नीट बघून घ्या. आणि दोन्ही बीकर दाखवून झाले की तिसऱ्यात मुद्दाम बोअरचं पाणी घ्या आणि काही न बोलता उभे राहा. बघा कोण आधी तोंड उघडतंय.

– ब्युरेटवाला