लुटुपुटूची शस्त्रक्रिया: हाडांच्या ऑपरेशनांची अशी परीक्षा घ्यावी का?

चौकस (धागाकर्ता)

गुडघ्यावर तीन छेद, एकेक सेंटीमीटरचे. सर्जन हत्यारं मागतो, ती हातात दिली जातात, गुडघा हलवला-वाकवला जातो, पाणी सांडल्याचा आवाजसुद्धा होतो. सांध्याच्या आत मात्र काहीच केलं जात नाही. टाके घालून रुग्णाला रात्रभर ठेवून घेतात.

ह्यूस्टनमध्ये झालेल्या आणि २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत हे खरोखर केलं होतं. गुडघ्याच्या संधिवाताचे १८० रुग्ण आणि सोडतीने पाडलेले तीन गट. एका गटाच्या सांध्यात दुर्बिणीतून साफसफाई केली, दुसऱ्याचा सांधा नुसता धुतला आणि तिसऱ्याच्या वाट्याला ही लुटुपुटूची शस्त्रक्रिया आली. कोणावर काय करायचं हे सर्जनलाही थिएटरात पाकीट फोडल्यावरच कळायचं. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांचं दुखणं सारखंच निघालं.

यात फसवणूक नव्हती. आपल्याला कदाचित खोटीच शस्त्रक्रिया मिळेल आणि तिने गुडघ्याचा संधिवात सुधारणार नाही, हे रुग्णांनी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहून दिलं होतं.

पुढे २०१३ साली फिनलंडमध्ये मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या गादीची, अशीच परीक्षा झाली. झिजून फाटलेली गादी, ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण. निम्म्यांच्या गादीचा फाटका भाग कापला, निम्म्यांचं नुसतं नाटक. वर्षभराने फरक नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मोडलेलं हाड, पू, गाठ ही प्रकरणं सोडा. जी शस्त्रक्रिया निव्वळ दुखणं कमी व्हावं म्हणून करायची, ती या परीक्षेत पास झाल्याशिवाय सर्रास करू नये. गोळीला जो नियम आहे, तो सुरीला का नाही?

हाडमोडे

मी सर्जन आहे, त्यामुळे माझं मत हितसंबंधी समजून वाचा.

२००२ची चाचणी मीही विद्यार्थ्यांना शिकवतो, पण तिच्या भोकांसकट. ती माजी सैनिकांच्या रुग्णालयात झाली, त्यामुळे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष. सगळ्या शस्त्रक्रिया एकाच सर्जनने केल्या. दुखणं मोजायची मुख्य पट्टी संशोधकांनी स्वतःच बनवलेली होती. आणि पात्र ठरलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी भाग घ्यायलाच नकार दिला. जे ‘हो’ म्हणाले ते ‘नाही’ म्हणणाऱ्यांसारखेच होते, हे कशावरून?

फिनलंडची चाचणी जास्त नेटकी आहे, हे मान्य. पण तिच्यात घेतलं कोणाला ते बघा. मार लागून गादी फाटलेले नाहीत, गुडघा अडकून बसलेले नाहीत. मैदानात पाय पिरगळला, फाटलेली गादी मध्ये अडकली आणि आता गुडघा सरळच होत नाही, असा विशीतला खेळाडू आला तर त्याला ‘चला, सोडत काढू’ म्हणणारा सर्जन मला दाखवा. तरीही तो निकाल सगळ्या मेनिस्कसना चिकटवला जातो. साप म्हणून भुई धोपटणं चाललंय.

डावा गुडघा

माझी हीच शस्त्रक्रिया झाली. वय तेव्हा ५१, एमआरआयमध्ये गादी फाटलेली. आधी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आता लागत नाही. तुमच्या चाचण्या असतील बरोबर, पण माझा गुडघा काय खोटं बोलतोय?

सरासरी

डावा गुडघा, तुमचा गुडघा खरंच बोलतोय. तो बरा झाला, यावर कोणाचाच वाद नाही. पण फिनलंडच्या चाचणीत ज्यांची गादी कापलीच नव्हती, त्यांचेही गुडघे असेच बरे झाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की कावळ्याला श्रेय मिळतं.

माणूस शस्त्रक्रियेला कधी तयार होतो? दुखणं असह्य होतं तेव्हा. अशी दुखणी वरखाली होत असतात. शिखरावर असताना काहीही केलं, तरी पुढे उतारच असतो.

दुसरं, एमआरआयवरची फाटलेली गादी. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या ९९१ सामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. रुग्ण म्हणून कोणी आलेलं नव्हतं. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यातल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे फाटलेली गादी दिसणं आणि तीच दुखत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येकदा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डावा गुडघा

हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. कापल्याचं दुःख नाही, पण सांगायला हवं होतं.

पायरी पायरीने

मी फिजिओथेरपिस्ट. दोन्ही बाजूंना एक टोचणी.

या चर्चांमध्ये शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ‘व्यायाम’ हा एकच शब्द असतो, जणू सगळ्यांनी एकच गोळी घेतली. सर्जरीच्या बाबतीत छेद किती, हत्यार कुठलं, किती भाग कापला, सगळं लिहितात. व्यायामाबद्दल मात्र ‘फिजिओथेरपी दिली’ म्हटलं की झालं. वजन किती, कितीदा, किती आठवडे, वजन कधी वाढवलं, दुखलं तर काय केलं, रुग्णाने घरी केलं की नुसतंच ‘करतो करतो’ म्हणाला? माझ्याकडे येणारे निम्मे लोक ‘फिजिओ करून झालं’ म्हणतात. चौकशी केली की कळतं, मशीनचा शेक आणि दहा वेळा पाय हवेत उचलणं. त्याने मांडीच्या स्नायूला काय कळणार? शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखण्याने वाळलेला क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, परत आणायला महिने लागतात. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, ही म्हण माझ्या खोलीत लावायला हरकत नाही.

आता चाचणी. अमेरिकेतल्या सात केंद्रांत ४५च्या पुढचे ३५१ रुग्ण घेतले होते, गादी फाटलेली आणि जोडीला थोडाफार संधिवात. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि फिजिओ, अर्ध्यांना फक्त फिजिओ. २०१३ साली निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे.

हाडमोडे

आणि फक्त-फिजिओवाल्यांपैकी ३० टक्के त्या सहा महिन्यांत गट सोडून शस्त्रक्रियेला आले. ते राहिलं सांगायचं.

पायरी पायरीने

राहिलं नाही, पुढच्या वाक्यात येणार होतं. ७० टक्के आले नाहीत, असंही ते वाचता येतं.

सरासरी

दोघंही बरोबर, आणि हीच या संशोधनाची खरी डोकेदुखी आहे. गोळीच्या चाचणीत कोण खरी गोळी घेतोय हे रुग्णाला ठाऊक नसतं, म्हणून तो गट बदलत नाही. शस्त्रक्रिया विरुद्ध व्यायाम यात सगळ्यांना सगळं ठाऊक. मणक्याची गादी सरकलेल्यांची २००६ची मोठी अमेरिकन चाचणी घ्या. ५०१ रुग्ण. ज्यांना शस्त्रक्रिया नेमून दिली, त्यांच्यातल्या निम्म्यांनीच तीन महिन्यांत ती करून घेतली, आणि ज्यांना दिली नव्हती त्यांच्यातल्या ३० टक्क्यांनी तेवढ्याच काळात ती करून घेतली. आता तुलना कशाची कशाशी करायची? सोडतीनुसार गट धरले तर फरक पुसट होतो. प्रत्यक्ष काय झालं त्यानुसार धरले तर सोडत काढण्याचा अर्थच उरत नाही.

म्हणून मला लुटुपुटूची शस्त्रक्रिया आवडते. आवडते म्हणजे, पर्याय त्याहून वाईट आहेत.

आधी दया

तुम्ही सगळे आकड्यांत रमलात. एका धडधाकट नाही, दुखऱ्या माणसाला भूल द्यायची, कातडी कापायची, जंतुसंसर्गाची जोखीम पत्करायला लावायची, आणि त्याच्या पदरात मुद्दाम काहीच टाकायचं नाही. सहीचा कागद आहे म्हणून हे नैतिक ठरतं? दुखण्याने बेजार माणूस कशावरही सही करतो.

चौकस

आधी दया, तुमचा प्रश्न मला झोंबला, कारण उत्तर सोपं नाही. पण तीच जोखीम घेऊन, फायदा आहे की नाही हे न तपासता, वर्षानुवर्षं लोकांच्या सांध्यात दुर्बीण घातली गेली. चाचणीत १४६ जण असतात, चाचणीबाहेर किती?

शिवाय नाटकाने स्वतःहून काही फरक पडतो का, हेही अशा चाचणीतून कळू शकतं. ब्रिटनमध्ये खांद्याची चाचणी झाली. हात वर नेताना हाड घासतं म्हणून हाडाचा काटा तासायची शस्त्रक्रिया असते, तिची. ३१३ रुग्ण, तीन गट: तासलेले, नुसती दुर्बीण घालून पाहिलेले आणि काहीच न केलेले. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी ४८ पैकी गुण अनुक्रमे ३२.७, ३४.२ आणि २९.४. म्हणजे नुसतं पाहिलेले तासलेल्यांपेक्षा कणभर पुढेच! काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट थोडे बरे, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका मोठा नव्हता. तिसरा गट नसता तर हे कळलंच नसतं.

हाडमोडे

खांद्याचं मान्य. ती शस्त्रक्रिया मी जवळजवळ सोडली.

पण डेन्मार्कची २०१५ची चाचणीही सांगा की. १०० रुग्ण, गुडघ्याचा पुढच्या टप्प्याचा संधिवात. अर्ध्यांचा सांधा बदलला आणि व्यायाम, आहार वगैरे दिलं, उरलेल्यांना फक्त व्यायाम-आहार वगैरे. वर्षभरात १००च्या मापावर सांधा बदललेल्यांची सुधारणा ३२.५ गुणांची, दुसऱ्यांची १६. दुप्पट! गंभीर गुंतागुंतीही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त झाल्या, तेही सांगतो, नाहीतर पायरीबाई रागावतील. ही चाचणी नाटकाशिवाय झाली, आणि सांधा बदलायच्या शस्त्रक्रियेचं नाटक करणार तरी कसं? तेवढा मोठा छेद देऊन आत काही करायचं नाही? मग चौकसांच्या नियमाने सांधेबदल बंद करायचा का?

दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे नोंदवही. स्वीडनने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची १९७५पासून आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९पासून देशभर नोंद ठेवली. धातूवर धातू घासणारा एक खुबा २०१० साली बाजारातून मागे घ्यावा लागला, तेव्हा तो लवकर निकामी होतोय हे राष्ट्रीय नोंदवह्यांतूनच दिसत होतं. शंभर-दीडशे रुग्णांच्या चाचणीत ते कधी दिसलं नसतं.

सरासरी

नोंदवहीत पुन्हा शस्त्रक्रिया कधी झाली ते पक्कं कळतं. दुखत-कुढत घरी बसलेला माणूस तिच्यात ‘यशस्वी’ म्हणून जमा होऊ शकतो. पण सांधेबदलाचा मुद्दा बिनतोड आहे. परिणाम मोठा असेल तर नाटकाची गरज कमी.

लिगामेंट गेलेला

माझं वय २६, फुटबॉल. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, तुटलं. सगळे जण ‘आधी रिहॅब’, म्हणजे आधी व्यायामाने ताकद आणा, असं म्हणतायत, स्वीडनची चाचणी दाखवतात. खरं काय?

पायरी पायरीने

ती २०१०ची. १२१ तरुण, खेळणारी माणसं. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया, दुसऱ्याचं आधी रिहॅब आणि गरज पडली तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी गुडघ्याचे गुण सारखे, आणि रिहॅबवाल्या ५९ पैकी २३ जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. पण पाच वर्षांपर्यंत तो आकडा निम्म्यावर गेला होता.

२०२२ची ब्रिटनची चाचणी उलट बोलते. तिच्यात दुखापत ताजी नव्हती, गुडघा निसटत असलेले ३१६ रुग्ण होते. दीड वर्षाने शस्त्रक्रियेचा गट पुढे, १०० पैकी ७३ विरुद्ध ६४.६ गुण.

दोन्ही एकत्र वाचा. ताजी दुखापत असेल तर सूज उतरवून, ताकद आणून बघायला वेळ आहे. नीट रिहॅब करूनही वळताना गुडघा दगा देत असेल, तर ‘अजून थोडा व्यायाम’ हे उत्तर नव्हे. मी फिजिओ असून म्हणतेय. तुमची दुखापत कधीची, ते लिहिलं नाहीत.

लिगामेंट गेलेला

पाच आठवडे. धन्यवाद, घाई थोडी कमी झाली.

हाडमोडे

पायरीबाईंशी इथे पूर्ण सहमत, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पण एक हिशेब बाकी आहे. तुमच्या व्यायामाची नाटकाशी परीक्षा झालीये का? झाली आहे. २०२१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. गुडघेदुखीचे ३७७ रुग्ण: एक गट जड वजनाचा, दुसरा हलक्या वजनाचा, तिसऱ्याला नुसते माहितीचे वर्ग. दीड वर्षाने जड वजनवाले माहितीवाल्यांपेक्षा काही सरस निघाले नाहीत. आणि डेन्मार्कमध्ये २०६ जणांत व्यायामाच्या कार्यक्रमाची तुलना गुडघ्यात टोचलेल्या साध्या सलाइनशी केली. हे नुसतं सलाइन आहे असं रुग्णांना सांगूनसुद्धा! तिथेही फरक नाही. सुरीला जो नियम, तो डंबेललाही लावा.

पायरी पायरीने

लावा. मी ते दोन्ही निबंध वाचलेत आणि दोन दिवस माझा मूड गेला होता. बचाव एवढाच, की व्यायाम फसला तर माणसाच्या मांडीत ताकद उरते आणि कापलेली गादी परत येत नाही. पण ‘व्यायामाने दुखणं जातं’ हे मी आता पूर्वीच्या ठसक्याने सांगत नाही.

चौकस

माझं विधान थोडं बदलतो. परिणाम मोठा आणि स्पष्ट असेल तिथे नाटक नको, नोंदवही हवी. फरक बारीक असेल आणि मोजमाप फक्त ‘कसं वाटतंय’ यावर असेल, तिथे नाटक हवंच. आधी दया यांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, हे कबूल.

डावा गुडघा

जरा अवांतर. आता उजवाही दुखायला लागलाय. पुन्हा एमआरआय काढू का?

पायरी पायरीने

मार लागलाय? सुजलाय? मध्येच अडकून सरळ होत नाही, असं होतं का?

डावा गुडघा

यातलं काहीच नाही.

हाडमोडे

मग तूर्त एमआरआय राहू दे. जिना चढताना दुखतं की उतरताना, तेवढं आधी सांगा.