नोकरीसोबत इग्नूचं एम.ए. समाजशास्त्र
नोकरी सांभाळून पहिल्या वर्षाचे चारही पेपर झेपतील का, असा प्रश्न अनेकांना पडतो. आधी हिशेब करा. १ क्रेडिट म्हणजे ३० तास, ८ क्रेडिटचे ४ पेपर म्हणजे ९६० तास. आठवड्याला साधारण १८. तेवढे निघत नसतील तर मुदत ४ वर्षांपर्यंत आहे, पेपर जास्त वर्षांत वाटून द्या. मात्र दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी आणि प्रत्येक सत्राचा परीक्षा फॉर्म आपणच भरायचा. गाडी अडते ती बहुधा इथेच.

असाइनमेंटला ३०% भार, लेखी परीक्षेला ७०%. उत्तीर्ण दोन्हींत स्वतंत्रपणे व्हावं लागतं. असाइनमेंट हातानेच लिहा.

गुन्हेशास्त्राची आवड असेल तर दर्खाइम आणि मर्टन हे समाजशास्त्रज्ञ नीट करा. समाजाने ठरवलेली ध्येयं आणि ती गाठायचे मान्य मार्ग माणूस स्वीकारतो की नाही, यावरून मर्टनने (१९३८) पाच प्रतिसाद सांगितले; त्यांची नुसती यादी दिली की गुण जातात. ध्येय मान्य, मार्ग अमान्य, म्हणून ‘नवप्रवर्तन’: पैसा हवाच आहे, पण पेपर फोडून. याउलट नियम पाळतो पण ध्येय सोडून दिलंय असा कारकून, तो ‘कर्मकांडी’. असं एकेक उदाहरण जोडा. आणि सिद्धांताची मर्यादाही लिहा: सुखवस्तू माणसाची अफरातफर यात नीट बसत नाही.