घेरी, झीट, भोवळ… आणि ‘पाय घसरला’

धागाकर्ती:
बाबा (वय ७९) पहाटे तीनला संडासच्या दारात पडले. भुवईवर पाच टाके. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ‘ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन’ असं लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचलं, तर त्यांना त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं. म्हणाले, “मला कसलं टेन्शन? पेन्शन वेळेवर येतंय.”

गंमत पुढेच आहे. डॉक्टरांनी विचारलं, “आजोबा, चक्कर आली होती का?” बाबा ठामपणे म्हणाले, “छे, पाय घसरला.” आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगत होते, “हल्ली उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते बुवा.” म्हणजे त्यांच्या लेखी अंधारी ही चक्कर नव्हेच! हे शब्द खरंच वेगळे आहेत का? आणि कागदावरच्या त्या जोडशब्दाला मराठीत काय म्हणावं?

कोशवाला:
भोवळ हा भोवरा, भोवणे, भोवंडणे याच कुळातला. मुळाशी ‘भ्रम’, म्हणजे फिरणं. घेरीत घेर आहे, चक्करमध्ये चक्र. तिन्ही शब्दांत काहीतरी गरगरतंय. अंधारीत काहीच फिरत नाही, नुसता पडदा पडतो. त्यामुळे तुमचे बाबा खोटं बोलले नाहीत, उलट नेमकं बोलले. झीट त्याच्या पुढची पायरी, कारण ‘झीट येऊन पडला’ असंच आपण म्हणतो. झीट आली आणि चहा पीत बसला, असं सहसा कुणी म्हणत नाही.

ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे ताठ, सरळ. पुढचा भाग उभं राहण्याचा. शब्दशः ‘ताठ उभं राहिल्यावरचा अल्परक्तदाब’.

निवृत्त परिचारिका:
कोशवाले, तुमची वाटणी कागदावर छान आहे, पण वॉर्डात टिकत नाही. तिथे सगळ्यालाच चक्कर म्हणतात. पित्ताची चक्कर, उपासाची चक्कर, मानेची चक्कर. त्यामुळे मी शब्दावर थांबायचेच नाही. विचारायचे, “खोली फिरते की तुम्ही विझता?” कूस बदलताना खोली फिरत असेल तर बहुधा कानाचं दुखणं. उठून उभं राहिल्यावर विझल्यासारखं होत असेल तर आधी दाब मोजायचा.

ताई, ताठ उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तरुणपणी मानेतल्या नाडीजवळचे पहारेकरी लगेच ओळखतात, ठोके वाढवतात, शिरा आवळतात. वय झालं की ते सुस्तावतात. मधुमेह किंवा पार्किन्सन असेल तर आणखीनच. वरून गोळ्या: बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, आणि पुरुषांत प्रोस्टेटच्या. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, की तो तुमच्या कागदावरचा शब्द.

धागाकर्ती:
प्रोस्टेटची गोळी आहे, रात्री झोपताना घेतात. आडवे असताना दाब १४२/८०, उभं केल्यावर ११२/६८. पण मग ‘बीपी आहे’ की ‘बीपी लो आहे’? आई म्हणते, एकाच माणसाला दोन्ही कसं?

निवृत्त परिचारिका:
असतं. हा आपल्या मराठीचाच घोळ. ‘त्यांना बीपी आहे’ म्हणजे वाढलेलाच, हे आपण गृहीत धरतो. कमी असेल तर ‘लो’ जोडावं लागतं. मग घरचे ‘लो’ ऐकून मीठ-साखरेचं पाणी पाजतात आणि बीपीची गोळी परस्पर बंद करतात. या दोन्ही गोष्टी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गोळीची वेळ किंवा मात्रा त्यांनाच बदलू दे. रात्री उठताना आधी पाय खाली सोडून काठावर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग धरून उभं राहायचं. आणि पलंगाशी भांडं ठेवा, लाज वाटली तरी. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ जण आधीसारखे चालतच नाहीत.

आणखी एक. भरपेट जेवणानंतर, कढत पाण्याच्या आंघोळीनंतर हाच प्रकार होतो. काहींना तर अंधारीही येत नाही, नुसती मान आणि खांदे भरून येतात. त्याला तुमच्या कोशात शब्द आहे का?

कोशवाला:
नाही. हरलो. पर्यायी शब्द मात्र सुचवतो: ‘उत्थानजन्य अल्परक्तदाब’.

आणखी एक वाचक:
उत्थानजन्य! हे ऐकूनच माझी आजी झीट येऊन पडेल. ‘उठता दाब उतरणे’ म्हणा की. आमच्या घरी ‘भोवंड’ म्हणायचे, “थांब, भोवंड जाऊ दे.” आणि ‘पाय घसरला’बद्दल: आमचे आजोबाही तीनदा घसरले, तिन्ही वेळा फरशी कोरडी. म्हाताऱ्या पुरुषांच्या तोंडी घसरण्यात कमीपणा नसतो. चक्कर मात्र बायकांनी यायची.

धागाकर्ती:
बाबांना ‘उठता दाब उतरतो’ वाचून दाखवलं. म्हणाले, “हे कळलं. मग कागदावर असंच का लिहीत नाहीत?” आमची फरशीही कोरडीच होती. मी बघितली होती, पण बोलले नाही. पलंगाशी भांडं ठेवलंय, अजून वापरलेलं नाही.