टाइमआउट सरसकट ६० सेकंद ठेवा, ३ सेकंदांचा शहरी हट्ट सोडा

गडगा

टाइमआउट म्हणजे किती सेकंद वाट बघून नाद सोडायचा तो आकडा. कोकणात वापरायच्या ॲपला शहरातल्या नेटवर्कचे आकडे लावू नका, एवढंच म्हणणं आहे. हापूसच्या पेट्यांची नोंद घेणारं ॲप उदाहरणाला घ्या. देवगडच्या बागेतून माणूस फोनवर '४२ पेट्या' टाकतो, नोंद वाशीच्या व्यापाऱ्याच्या सर्व्हरला जाते. सड्यावर एक काडी रेंज, खाली व्हाळात तीही नाही. तिथे ३ सेकंदांत जोडणी आणि ५ सेकंदांत उत्तर मागणारा क्लायंट (विनंती पाठवणारा प्रोग्राम) दिवसभर 'अयशस्वी' दाखवत बसणार. माणूस परत बटण दाबणार, परत नवी जोडणी, परत टीएलएसची, म्हणजे जोडणी सुरक्षित करायची देवघेव. आधीच पाणंदीएवढी अरुंद वाट, तिच्यात आणखी गर्दी.

डॉटनेट या प्रोग्रामिंग संचातल्या एचटीटीपीक्लायंटचा मूळ टाइमआउट १०० सेकंद आहे, ते काही वेडे नाहीत. लहान टाइमआउट आणि भराभर रिट्राय (परत पाठवणं) ही डेटा सेंटरच्या आतली रीत. इथे सर येते तेव्हा आपण पडवीत थांबतो, तसं थांबायचं. विरोधी मतं येऊ द्यात, पण आकड्यांसकट.

खाजण

विरोध. तुम्ही टाइमआउटचा एकच आकडा धरलात, गोची तिथेच आहे. थांबणं चार ठिकाणी होतं: डीएनएसकडून (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) पत्ता मिळेपर्यंत, जोडणी होईपर्यंत, दोन बाइटांच्या मधल्या शांततेत, आणि या सगळ्याची मिळून एक अखेरची मुदत. चौघांना ६० लावून चालत नाही.

जोडणीचंच घ्या. लिनक्सवर, म्हणजे ॲन्ड्रॉइडवरही, पहिलं सिन पॅकेट (जोडणी मागणारा निरोप) हरवलं तर पुढची सिन १, ३, ७, १५, ३१ आणि ६३व्या सेकंदाला जातात. काहीच आलं नाही तर १२७व्या सेकंदाला कर्नल (सिस्टिमचा गाभा) हात टेकतो. कनेक्ट टाइमआउट ३ ठेवलात तर तिसरं सिन निघतं त्याच क्षणी तुम्ही दार लावता. ४ ठेवलात तर त्याच्या उत्तराला एक सेकंद मिळतो, ८ ठेवलात तर चौथ्यालाही. आणि ६० ठेवून काय मिळतं? १५व्या आणि ३१व्या सेकंदाची दोन सिन, बस्स. त्यापेक्षा ८ सेकंदांनी सोडून नव्याने सुरुवात केली तर सिन पुन्हा दाट अंतराने जातात. एक काडी रेंज मिनिटभरात चारदा येते-जाते, तिला पकडायला हेच बरं.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या माहितीपत्रात ३.०५ हा आकडा दिसतो तो जुन्या काळचा. तेव्हा पहिलं फेरप्रेषण ३ सेकंदांनी व्हायचं. २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेट मानकाने ते १ सेकंदावर आणलं. लोक अजून ३.०५ च डकवतात.

सड्यावरून

किंचित दुरुस्ती. लिनक्स कर्नल ६.५ पासून सुरुवातीची काही सिन दर सेकंदाला जातात आणि मगच अंतर दुप्पट होत जातं. शेवट १३१ सेकंदांवर. तरी खाजण यांचा मुद्दा टिकतोच, उलट बळावतो.

आणखी एक. रिक्वेस्ट्समध्ये काय, ॲन्ड्रॉइडवरच्या ओकेएचटीटीपी लायब्ररीत काय, कनेक्ट टाइमआउट प्रत्येक आयपी पत्त्याला वेगळा लागतो. एका नावामागे दोन पत्ते असतील आणि दोन्ही मुके असतील, तर ते एकामागून एक तपासताना ८ चे १६ होतात. डीएनएसचा वेळ यात धरलेलाच नसतो. सर्व्हरवरच्या साध्या लिनक्समध्ये तो प्रत्येक नेमसर्व्हरला ५ सेकंद आणि दोन फेऱ्या असा मूळ हिशोब असतो. 'टाइमआउट ८ ठेवला तरी २५ सेकंद का लागले' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

गडगा

बरं, जोडणीपुरतं मान्य. ८ करा. पण उत्तराचं काय? आणि वर चढवायचं काय? अवकाळी पावसानंतर नुकसानीचे फोटो पाठवायचे असतात. ४ एमबीचा फोटो, वर जाण्याचा वेग २०० केबीपीएस धरा. ३२ मेगाबिट भागिले ०.२, म्हणजे १६० सेकंद. तुमच्या पद्धतीने समजा २० सेकंदांची अखेरची मुदत लावली तर आठवा हिस्सा गेला की तुटणार, आणि रिट्राय परत शून्यापासून. फुटक्या कळशीने विहीर उपसण्यातला प्रकार. डेटा मात्र जळतो.

पाणंद

गडगाभाऊ, तुमच्याच गणिताने ६० पण पुरत नाही की!

माडाची_सावली

गडगा यांचं गणित बरोबर आहे, त्यावरचा उपाय चुकलाय. फोटोला घड्याळाची मुदत लावायचीच नाही, प्रगतीची लावायची. कर्ल या डेटा पाठवायच्या साधनात हे तयार मिळतं: स्पीड-लिमिट १०००, स्पीड-टाइम ३०. म्हणजे ३० सेकंद सलग वेग १००० बाइट प्रतिसेकंदाच्या खाली राहिला तरच सोड. सरकतंय तोवर सरकू दे. सर्व्हर आपला असेल तर फोटोचे २५६ केबीचे तुकडे करा. २०० केबीपीएसवर एक तुकडा साडेदहा सेकंदांत जातो, तुटला तर तेवढाच परत. आणि मुळात फोनवरच फोटो ३०० केबीपर्यंत आवळला तर सगळं १२ सेकंदांत आटोपतं. पडलेलं कलम ३०० केबीतही पडलेलंच दिसतं.

दुसरं म्हणजे इथे दोन वेगळ्या क्लायंटची सरमिसळ झालीये. फोनवरचं ॲप हा एक क्लायंट. व्यापाऱ्याचा सर्व्हर पुढे एसएमएसच्या किंवा पेमेंटच्या सेवेला हाक मारतो, तो दुसरा. फोनवर ६० सेकंद थांबलं तर एक माणूस थांबतो. सर्व्हरवर ६० सेकंद थांबलं तर एक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) अडकतो. ५० वर्कर असतील आणि समोरची सेवा मुकी झाली, तर ५० भागिले ६०: सेकंदाला एक विनंतीसुद्धा निभत नाही. तोच टाइमआउट ५ केला तर सेकंदाला १० निभतात. एसएमएस गेला नाही म्हणून पेट्यांची नोंद अडायचं कारण काय?

इथे मूळ सेटिंगवर अजिबात विसंबू नका. रिक्वेस्ट्सला मूळ टाइमआउटच नाही. गो भाषेच्या तयार क्लायंटला नाही, ॲक्सिऑसला नाही. ओकेएचटीटीपीत कनेक्ट, रीड आणि राइट प्रत्येकी १० सेकंद असतात, पण सगळ्या कॉलची मिळून मुदत मात्र शून्य, म्हणजे अमर्याद. रीड टाइमआउट हा दोन बाइटांमधल्या शांततेचा असतो. दर ९ सेकंदांना एक बाइट देणारा सर्व्हर तुम्हाला संध्याकाळपर्यंत झुलवेल आणि टाइमआउट वाजणार नाही.

खाजण

ताईंशी सहमत. पण खरा घोळ सेकंदांचा नाहीच. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही, असं धरून कोड लिहिला जातो, तो घोळ.

गाऱ्हाण्यात दर ओळीला 'व्हय म्हाराजा' येतं. समजा एकदा आलं नाही. गाऱ्हाणं पलीकडे पोचलंच नसेल. पोचलं असेल, पण अजून विचार चाललाय. किंवा 'व्हय म्हाराजा' म्हणून झालंय आणि ते वाऱ्यावर गेलंय. अलीकडच्या माणसाला तिन्ही वेळा सारखीच शांतता.

आता हे घ्या:

१०:४२:०७ फोनवरून पोस्ट (नवी नोंद करायची विनंती) निघाली, ४२ पेट्या.
१०:४२:१९ सर्व्हरला मिळाली.
१०:४२:२० नोंद कमिट (पक्की), २०१ ('नोंद झाली') उत्तर रवाना.
१०:४२:२२ फोनवर १५ सेकंदांचा रीड टाइमआउट.

एनजिंक्सच्या (सर्व्हरच्या दारावरचा प्रोग्राम) लॉगमध्ये २०१, फोनवर 'अयशस्वी'. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. माणूस पुन्हा बटण दाबतो, ८४ पेट्यांची नोंद होते आणि टेम्पोत जागा ८४ ची धरली जाते. टाइमआउट ६० केलात तर हे कमी वेळा होईल. होणारच नाही असं नाही.

म्हणून चुका वेगळ्या धरा. कनेक्ट टाइमआउट असेल तर विनंती निघालीच नाही. पोस्ट असली तरी बिनघोर परत पाठवा. रीड टाइमआउट असेल तर गेट (वाचणं), पुट (जागेवर ठेवणं), डिलीट (पुसणं) परत चालतील, एकदा केलं काय नि दोनदा काय, परिणाम तोच; त्यांची व्याख्याच तशी आहे (आरएफसी ९११०). पोस्ट आपोआप परत पाठवायची नाही, जोवर तिच्यासोबत आयडेम्पोटन्सी-की नाही, म्हणजे 'ही तीच विनंती परत आली' हे सर्व्हरला ओळखता येईल अशी खूण.

पाणंद

दोन माणसांच्या दुकानाने लिहिलेल्या ॲपला ही की वगैरे म्हणजे डास मारायला तोफ. सर्व्हरवर एक नियम लावा: तोच बागायतदार, तोच आकडा, १० मिनिटांत परत आला तर नाकारा. चार ओळींचं काम. क्लायंटला हातही लावायला नको.

माडाची_सावली

तोच आकडा परत येणं ही सीझनमध्ये रोजची गोष्ट आहे, भाऊ. टेम्पोत बसतात तेवढ्याच पेट्या प्रत्येक खेपेला भरतात. ४२ ची एक खेप गेली, आठ मिनिटांनी ४२ ची दुसरी. तुमचा नियम दुसरी खेप गिळून टाकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. दुबार नोंद निदान डोळ्यांना दिसते, गिळलेली दिसत नाही. उलट फोन दोन तास रेंजबाहेर होता आणि मग परत पाठवलं, तर १० मिनिटं कधीच उलटलेली. म्हणजे जिथे लागू नये तिथे लागतो, हवा तिथे नाही.

की लावणंही चार ओळींचंच काम आहे, फक्त त्या ओळी जागच्या जागी हव्यात. बटण दाबल्या क्षणी फोनवर यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळखक्रमांक) बनवा आणि नोंदीसोबत फोनच्याच डेटाबेसमध्ये लिहा. आधी लिहा, मग पाठवा. परत पाठवताना तीच की. सर्व्हरवर बागायतदार आणि की मिळून युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा नाही), तेही पेट्यांच्या नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही). वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये की लिहिली आणि मधेच सर्व्हर पडला, तर की आहे पण पेट्या नाहीत असं भूत उरतं. की आधीची निघाली तर पहिलं उत्तर जसंच्या तसं परत द्या.

हमखास होणारी चूक: की पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत बनवली जाते. मग प्रत्येक रिट्रायला नवी की, आणि सगळी मेहनत व्हाळात.

पाणंद

गिळण्याचा मुद्दा पटला. पण मग की किती दिवस ठेवायची? आणि माणसाने मधेच ४२ चे ४५ केले तर?

खाजण

काही पेमेंट सेवा २४ तासांनंतर की विसरतात. इथे तेवढं पुरणार नाही. वादळी पावसात लाइट गेली की टॉवर बॅटरीवर असतो, आणि बॅटरी संपली की गावच्या गाव रेंजबाहेर. ३० दिवस ठेवा. एका नोंदीची की काही बाइटांची, सगळ्या सीझनची जागा एका फोटोहून फार नाही.

४२ चे ४५ केले तर नवी की देऊ नका, आणि तीच की वेगळा आकडा लावूनही पाठवू नका. पहिली नोंद पोचली असण्याची शक्यता आहे. बदल ही वेगळी नोंद: 'अमुक कीच्या नोंदीत ४५ करा'. रांगेत पहिलीच्या मागे उभी करा. सर्व्हरला तीच की आणि वेगळा मजकूर दिसला तर त्याने ४२२ ('हा मजकूर चालणार नाही') द्यावा, गुपचूप पहिलं उत्तर देऊ नये.

सड्यावरून

लाइटचा विषय निघालाच आहे तर: लाइट आली की तालुक्यातले सगळे फोन एकदम जागे होतात. सगळ्यांचा रिट्राय १, २, ४, ८ असा असेल तर सगळे एकाच ठेक्यात सर्व्हरवर आदळतात. म्हणून जिटर हवा, म्हणजे थांबायच्या वेळेत मुद्दाम यादृच्छिक फरक. नुसता १० टक्के इकडेतिकडे नको, शून्य ते कमाल यांमधला कुठलाही आकडा. कमाल दर वेळी दुप्पट, वर ६० सेकंदांचं झाकण. सर्व्हरने ५०३ ('सध्या जमत नाही') सोबत रिट्राय-आफ्टर ('इतक्या वेळाने या') दिलं तर ते पाळा. आणि रिट्राय एकाच थरात. ॲप ३ वेळा, गेटवे ३ वेळा, आतली सेवा ३ वेळा असं झालं की एका बटणाचे डेटाबेसवर २७ ठोके.

अवांतर: 'पहिल्या विनंतीला नेहमी टाइमआउट, दुसरी लगेच जाते' ही तक्रार आली तर नेटवर्कला दोष देण्याआधी कनेक्शन पूल (परत वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्या) बघा. जेटीवरच्या दुकानाचं वायफाय सोडून फोन मोबाइल डेटावर गेला, किंवा तासभर खिशात पडून होता. मधल्या नॅटने (अनेक फोनना एका पत्त्यामागे जोडणारं यंत्र) जोडणी विसरून टाकलेली, पूलला मात्र ती जिवंत वाटते. लिहिलेलं कर्नलच्या बफरमध्ये आनंदाने जातं आणि रीड टाइमआउट होईस्तोवर सगळं शांत. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते बघणं) चालू केलं तरी पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी, तोवर आंबा पिकेल. ओकेएचटीटीपीचा पूल रिकामी जोडणी ५ मिनिटं ठेवतो, ते ३० सेकंदांवर आणा. एचटीटीपी/२ असेल तर पिंग चालू करा, तो मुळात बंद असतो. आणि नेटवर्क बदलल्याची खबर सिस्टिमकडून आली की पूल रिकामा करा.

गडगा

पूलचं पटलं. मग ६० चा हट्ट थोडा सोडतो. जोडणी ८, शांतता २०, पेट्यांच्या नोंदीची एकूण मुदत ४५. फोटो वेगळ्या रांगेत, प्रगतीच्या मुदतीवर. याच्या खाली मी येणार नाही.

पण एक अट: पडद्यावर 'अयशस्वी' हा शब्दच नको. की असेल, नोंद फोनवर लिहिलेली असेल, तर अयशस्वी काय झालं? 'फोनवर नोंदली. पोचल्याचं अजून कळलेलं नाही' असं दाखवा आणि बटण करडं करा. पोचली की हिरवी खूण.

पाणंद

बटण करडं केलं तर पुढची ४२ ची खेप कशी टाकणार? ती नोंद करडी करा, बटण मोकळं ठेवा.

खाजण

पाणंद बरोबर. ४५ ला माझी हरकत नाही, फक्त मग सर्व्हरची बाजू तशीच ठेवू नका. एनजिंक्सचा प्रॉक्सी रीड टाइमआउट (मागच्या ॲप्लिकेशनच्या उत्तराची मुदत) मुळात ६० असतो. फोन ४५ ला निघून गेला, लॉगमध्ये ४९९ ('क्लायंट निघून गेला') पडलं, आणि मागचं ॲप्लिकेशन कुणासाठी कोण जाणे काम करतंय. एनजिंक्स ३५ वर आणा, डेटाबेसचा स्टेटमेंट टाइमआउट २५ वर. वरचे १० सेकंद त्या एका काडीच्या रेंजला.